घरचं आजारपण आणि जानेवारीची मॅरेथॉन

मॅरेथॉनची तयारी साधारण १६ ते २० आठवड्यांची असते. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईत ४२ किलोमीटर धावायचं, तर तयारी पावसाळ्यातच सुरू करावी लागते. सप्टेंबरात साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉनही करायची असेल, तर जूनपासूनच. म्हणजे अर्ध्या वर्षाहून जास्त. एवढ्या काळात घरात काही घडणारच नाही, असं धरूनच बहुतेक तक्ते आखलेले असतात : मंगळवारी इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हलकं, असं आलटून पालटून), गुरुवारी टेम्पो (सलग, जरा वेगात), रविवारी लाँग रन म्हणजे लांबचं धावणं. दवाखान्यात जागून काढलेल्या रात्रीनंतर गुरुवारच्या टेम्पोचं काय करायचं, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

वडिलांचं मोठं आजारपण आणि नंतर त्यांचं जाणं, दोन्ही माझ्या अशाच एका मोसमात आलं. त्या काळात तयारी कशामुळे टिकली आणि कशामुळे मोडायला आली, ते इथे सविस्तर लिहितो आहे. आमच्या पुण्याच्या ग्रुपमध्ये नोकरी गेलेले, घटस्फोटाच्या तारखा चालू असलेले, लहान मूल दवाखान्यात असलेले धावकही आहेत. त्यांच्याबरोबर धावताना यातली बरीच गणितं ताडून बघता आली. माझं मत स्पष्ट आहे. अशा काळात इच्छाशक्तीच्या जोरावर जुनाच तक्ता रेटला, तर तयारी दोन-तीन आठवड्यांत कोसळते. तक्त्याचाच आकार बदलला, तर ती महिनोन् महिने तग धरते.

आधी ताणाचा हिशोब. शरीराचं खातं एकच असतं. धावण्याचा खर्च त्यातूनच जातो आणि डॉक्टरांच्या फोनची वाट बघण्याचाही. मनाच्या थकव्याचं धावण्यावर काय होतं, याचा एक नेमका प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी १६ जणांना ९० मिनिटं डोक्याला शिणवणारं काम दिलं आणि मग सायकलवर, स्वतःच्या कमाल ताकदीच्या ८० टक्क्यांवर, दमून थांबेपर्यंत पेडल मारायला लावलं. ताज्या डोक्याने ते सरासरी साडेबारा मिनिटं टिकले होते, शिणलेल्या डोक्याने जेमतेम पावणेअकरा. हृदयाच्या आणि स्नायूंच्या कामात मात्र या घटीचं कारण सापडलं नाही. तेवढ्याच ताकदीच्या पेडलिंगला त्यांना सुरुवातीपासून जास्त कष्ट जाणवत होते, एवढाच फरक होता.

हे कळलं की एक मोठी भीती जाते. दवाखान्याच्या आठवड्यात नेहमीचा ६:३० चा सोपा पेसही (म्हणजे किलोमीटरला साडेसहा मिनिटं हा वेग) जड जातो, आणि वाटतं की कमावलेलं सगळं गेलं. फिटनेस जागेवरच असतो, कष्टाची जाणीव वाढलेली असते. म्हणून पहिला बदल घड्याळात करावा. पेसचा रकाना स्क्रीनवरून काढून टाकावा आणि फक्त वेळ ठेवावी. धावायचं ते जाणवणाऱ्या कष्टावर, दहापैकी किती या मापाने. ३-४ म्हणजे पूर्ण वाक्य बोलता येतं. ६ म्हणजे चार-पाच शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो. ८ म्हणजे एका शब्दापलीकडे उत्तर देववत नाही. पेस दिसत राहिला की माणूस आकड्यामागे लागतो, ४ च्या कष्टाचं धावणं नकळत ६ वर जातं, आणि ते ज्या दिवशी परवडत नाही नेमकं त्याच दिवशी होतं.

याच मापाने आठवड्याचा एकूण भारही काढता येतो : मिनिटं गुणिले कष्ट. ५० मिनिटं ४ वर धावलं तर २००, ६० मिनिटांचं इंटरव्हल ८ वर केलं तर ४८०. बरे दिवस असतानाच्या चार आठवड्यांची सरासरी काढून ठेवावी. अडचणीच्या आठवड्यात त्याच्या ६० टक्क्यांवर जायचं नाही. सरासरी १,५०० असेल तर ९०० ला थांबायचं, मग त्या आठवड्यात एखाद्या दिवशी कितीही हुरूप येवो. असा हुरूप येतो, हे सांगायला हवं. रिपोर्ट चांगला आला की त्या संध्याकाळी पाय आपोआप पळतात, आणि तेव्हा केलेल्या जोराची किंमत पुढचे तीन दिवस मोजावी लागते. ताणाखाली असलेल्या माणसाचे स्नायू जोरदार व्यायामातून सावरायला जास्त वेळ घेतात, हे अभ्यासांतूनही दिसलं आहे. एरवी दोन दिवसांत जाणारा मांड्यांचा जडपणा अशा वेळी चार-चार दिवस राहतो.

सकाळी उठल्याउठल्या तीन गोष्टी वहीत लिहाव्यात : किती तास झोप झाली, नाडीचे ठोके किती, आणि जिना उतरताना मांड्या कशा वाटल्या. ठोके अंथरुणातच, उठून बसण्याआधी, मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावेत. स्वतःची १० दिवसांची सरासरी हाच मापदंड. त्यावर ५ जास्त असतील तर त्या दिवशी फक्त सोपं धावणं, ८-१० जास्त असतील तर चालणं. घड्याळ झोपेवरून जो तयार-नाही-तयारचा आकडा दाखवतं, तो जागरणाच्या काळात बघू नये. रात्रीचे चार तास आणि दुपारचा एक तास अशी तुकड्यांची झोप त्याला नीट धरता येत नाही, आणि रोज सकाळी लाल रंगातला आकडा बघून उगाच धीर खचतो.

आता खरा प्रश्न. किमान किती धावलं म्हणजे तयारी जिवंत राहते? अगदीच सोडून दिलं तर काय होतं, ते एडवर्ड कॉइल यांच्या १९८४ च्या अभ्यासातून कळतं. कसून तयार असलेल्या खेळाडूंनी सराव पूर्ण थांबवला, तेव्हा त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्क्यांनी घटली आणि आठ आठवड्यांच्या सुमारास १६ टक्क्यांच्या घटीवर स्थिरावली. पहिल्या दिवसांतली घट बरीचशी रक्तातला द्रव कमी झाल्यामुळे असते, आणि तो धावणं सुरू केल्यावर लवकर भरून येतो. आठवडा पूर्ण बुडाला तर हृदय-फुप्फुसांचं फारसं बिघडत नाही, हे मनात पक्कं असावं.

दुसरी, आणि या काळात जास्त उपयोगाची माहिती रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या प्रयोगांतून मिळते. आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटं असा दहा आठवडे कडक सराव केलेल्या लोकांचा सराव त्यांनी नंतर १५ आठवडे कमी करून पाहिला. दिवस सहावरून दोनवर आणले तरी कमाल क्षमता टिकली. मिनिटं ४० वरून १३ वर आणली तरी टिकली. तीव्रता कमी केली तेव्हा मात्र ती घसरली. एक खाच त्यात आहे : १३ मिनिटांवर आणलेल्यांचा लांब पल्ल्याचा दम सुमारे १० टक्क्यांनी उतरला होता. धावकाने यातून घ्यायचं ते असं की दिवस कमी करा, मिनिटं कमी करा, पण आठवड्यातून एकदा थोडा जोर ठेवा, आणि लांबचं धावणं फार काळ सोडू नका.

बहुतेक जण याच्या नेमकं उलट करतात. वेळ नाही म्हणून रोज २५ मिनिटं रमतगमत पळतात, जोराचं काहीच करत नाहीत, आणि रविवारी अपराधी वाटून एकदम २२ किलोमीटर ओढतात.

मी ज्याला तळाचा आठवडा म्हणतो, त्यात तीन धावणी असतात. पहिलं ३५ मिनिटांचं : १० मिनिटं हळू, मग एक मिनिट ८ च्या कष्टावर आणि दीड मिनिट हलकं, असं सहा वेळा, उरलेला वेळ हळू. साताऱ्याची तयारी असेल तर हीच सहा मिनिटं चढावर घ्यावीत. उड्डाणपुलाचा चढ किंवा पार्किंगचा रॅम्पही पुरतो, कारण चढावर कमी वेगातच कष्ट ८ वर जातात आणि उतरताना चालत आलं की पायांवर आघातही कमी बसतो. दुसरं ३० ते ४० मिनिटांचं, ४ च्या वर न जाणारं. तिसरं ७५ ते ९० मिनिटांचं लांब. तेवढा वेळ सलग मिळणार नसेल तर शनिवारी संध्याकाळी ४५ मिनिटं आणि रविवारी पहाटे ४५ मिनिटं. तुकडे केलेलं लाँग रन सलग धावण्याच्या तोडीचं नसतं. तरीही थकल्या पायांवर पुन्हा धावायची सवय त्यातून राहते, आणि सोडून देण्यापेक्षा ते केव्हाही बरं. याशिवाय घरात दोन वेळा १२-१२ मिनिटं : एका पायावर टाचा उचलणं १५ वेळा, तीन फेऱ्या, पायरीवर चढ-उतार प्रत्येक पायाने १२, भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं ४० सेकंद, प्लँक ४० सेकंद. पोटऱ्या आणि टाचेमागची शीर यांना हे १२ मिनिटांचं काम पुढे फार वाचवतं. आठवड्याचे सगळे मिळून २० ते २५ किलोमीटर होतात. ४५-५० किलोमीटर धावणाऱ्याला ते लाजिरवाणं वाटतं, पण असे पाच-सहा आठवडे गेले तरी पुढची तयारी उभी राहते.

एवढं तरी रोजच्या रोज कसं घडवायचं? इथे ठरवण्याची जागा बदलावी लागते. पहाटे साडेचारला, रात्रीच्या धाकधुकीनंतर, जाऊ की नको हे ठरवायला बसलं की उत्तर बहुतेकदा नकोच येतं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी जर-तर पद्धतीने आधीच केलेल्या निश्चयांचा दीर्घ अभ्यास केला आहे. नुसतं मी व्यायाम करीन म्हणण्यापेक्षा अमुक झालं की मी तमुक करीन असं बांधून ठेवलेलं जास्त वेळा हातून घडतं. मी वहीच्या पहिल्या पानावर असे नियम लिहून ठेवले होते. झोप चार तासांहून कमी झाली, तर धावायचं नाही, २० मिनिटं चालायचं. चार ते सहा तास झाली, तर फक्त सोपं, आणि जोराचा दिवस असेल तरी त्या दिवशी जोर करायचा नाही. सकाळची पाळी भावाने घेतली, तर घरी जाऊन आडवं होण्याआधीच धावून घ्यायचं. ताप असेल किंवा छातीत कफ असेल, तर काहीच नाही, आणि ताप उतरल्यावरही दोन दिवस थांबायचं. हा शेवटचा नियम कुणीही मोडू नये. विषाणूच्या तापात जोर केला तर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो.

आणखी एक नियम दहा मिनिटांचा. बूट घालून बाहेर पडायचं आणि दहा मिनिटं हळू पळायचं. तेवढ्यावरही अंग नको म्हणत असेल तर परत फिरायचं आणि वहीत पूर्ण अशी नोंद करायची. अपूर्ण लिहायचं नाही. ज्या दिवशी मन नाही म्हणतं त्यातल्या बहुतेक दिवशी दहा मिनिटांनंतर पाय मोकळे होतात. ज्या दिवशी होत नाहीत, त्या दिवशी परत फिरणंच योग्य असतं. सवयी कशा लागतात यावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला २०१० चा एक अभ्यास आहे. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि मधला एखादा दिवस बुडाल्याने फारसा फरक पडला नाही. त्यामुळे एक धावणं बुडालं तर ते सोडून द्यावं. सलग दोन ठरलेली धावणी बुडली, की तिसऱ्याला किमान चालायला तरी बाहेर पडावं.

बुडालेलं भरून काढू नये, हे वेगळं सांगतो, कारण दुखापती इथेच होतात. मंगळवारचं जोराचं बुधवारी ढकललं, गुरुवारी दुसरं आलं, रविवारी लांब धावलं. तीन कठीण दिवस पाच दिवसांत कोंबले गेले. दम तेवढ्याला तयार असतो, कंडरा (स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोऱ्या) आणि हाडं तयार नसतात. त्यांची सुधारणा फार हळू होते आणि झोपेशिवाय ती नीट होत नाही. आधी नडगीच्या आतल्या बाजूला बोट दाबलं की दुखतं, किंवा सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच कळवळते. नडगीची दुखरी जागा बोटाच्या पेराएवढी नेमकी असेल आणि चालतानाही दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. धावणं बंद करून ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवावं.

दवाखान्यात मुक्काम असेल तर एक कायमची पिशवी भरून ठेवावी : बूट, मोज्यांचे दोन जोड, शॉर्ट्स, टी-शर्ट, पंचा, पावसाळ्यात जुनं वर्तमानपत्र आणि दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या. भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि दोन तासांनी बदलले, की सकाळपर्यंत ते घालण्याजोगे होतात. मार्ग छोटा, फेऱ्यांचा ठेवावा, दवाखान्यापासून दीड किलोमीटरच्या आतला, म्हणजे फोन आला तर दहा मिनिटांत परत पोचता येतं. पाषाणला किंवा वेताळ टेकडीवर जाणं मन कितीही मागत असलं, तरी टेकडीच्या पलीकडे रेंज गेली की धावण्यात लक्ष राहत नाही. फोन सायलेंटवर टाकून फक्त तीन नंबरांची रिंग चालू ठेवावी. रुग्णाजवळ असलेला माणूस, वॉर्ड आणि घर. बाकी जगाचे मेसेज त्या ४० मिनिटांत लागत नाहीत.

खाण्याची हेळसांड सगळ्यात आधी होते आणि सगळ्यात उशिरा लक्षात येते. कॅन्टीनचा वडापाव आणि दिवसाला सात-आठ चहा, हे दवाखान्यातल्या नातेवाइकाचं नेहमीचं जेवण. कॅफिनचा अंमल अर्धा उतरायलाच पाच तास लागतात, म्हणून दुपारी तीननंतर चहा बंद केला तर मिळालेली तुटपुंजी झोप तरी गाढ लागते. पिशवीत शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले फुटाणे आणि केळी ठेवावीत. धावणाऱ्याला दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला साधारण ८० ते १०० ग्रॅम. उकडलेल्या अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात. शाकाहारी असाल तर दही, पनीर, उसळ आणि सत्तू मिळून हिशोब करावा. वजन महिन्यात दोन किलोंहून जास्त उतरलं तर किलोमीटर वाढवू नयेत.

घरात हे सगळं चाललंय आणि तुला पळायचं सुचतं कसं, हा प्रश्न मावशी-काका उघड विचारतात, बायको किंवा नवरा मनात विचारतो. त्याला वाद घालून उत्तर देता येत नाही. आधीच सांगितलेली वेळ पाळूनच ते देता येतं. सव्वापाच ते सहा मी नाही, त्या वेळी जवळ अमुक आहे, सहा वाजता मी औषधाला हजर आहे. आठवडाभर ही वेळ काटेकोर पाळली की घरचेच उठवायला लागतात. ज्या घरात वेळ सरकत राहते, तिथे तक्रार धावण्याबद्दल नसते, भरवशाबद्दल असते. आणि जबाबदारी खरोखर एकट्यावर असेल, दुसरं कुणी बसायलाच नसेल, तर काही आठवडे तयारी सोडून द्यावी. त्याचं वाईट वाटून घेऊ नये.

मोठ्या ग्रुपपासून काही काळ लांब राहिलेलं बरं. ३० जण भेटतात तेव्हा ३० वेळा बाबा कसे आहेत याचं उत्तर द्यावं लागतं, आणि व्हॉट्सॲपवर दुसऱ्यांची ३२ किलोमीटरची धावणी बघून आपली ३५ मिनिटं खुजी वाटायला लागतात. ग्रुप म्यूट करावा, धावण्याच्या नोंदी सगळ्यांना दाखवणारं स्ट्राव्हा ॲप बंद ठेवावं. मात्र एक माणूस हवाच. आपल्यापेक्षा थोडा हळू धावणारा असेल तर उत्तम, म्हणजे कष्ट ४ वर राहतात. त्याला एवढंच सांगायचं : मंगळवारी आणि शनिवारी सव्वापाचला गेटपाशी उभा राहा, मी दहा मिनिटांत आलो नाही तर निघून जा, फोन करू नकोस. गेटपाशी कुणीतरी उभं आहे या एका गोष्टीने जितकी धावणी घडली, तितकी दुसऱ्या कशानेही घडली नाहीत. आपण सावरलो की दुसऱ्या कुणासाठी तसंच जाऊन उभं राहावं.

मृत्यू झाल्यावर पहिले तेरा दिवस धावण्याचा विचार नको, असं मी सांगेन. लोकांच्या बोलण्यामुळे नव्हे, शरीराच्या अवस्थेमुळे. झोप तुटक असते, नाडीचे ठोके एरवीपेक्षा वर असतात, जेवणाच्या वेळा विधींप्रमाणे सरकतात, पाणी कमी प्यायलं जातं. दिवसभर माणसांची ये-जा असते. पहाटे कुणी उठण्याआधी अर्धा तास चालणं मात्र फार उपयोगी पडतं, आणि भेटायला आलेल्या जवळच्या माणसाला घरात बसवण्यापेक्षा बरोबर चालायला नेलं तर बोलणंही मोकळं होतं. तेराव्यानंतर सुरुवात पळणं-चालणं अशी : चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, सहा-आठ वेळा, पहिला आठवडा तीन दिवस. चढावर किंवा जोराच्या मिनिटात हुंदका आणि धाप एकमेकांत अडकतात, छाती आवळल्यासारखी होते. थांबून, गुडघ्यांवर हात ठेवून, श्वास सोडायला घेण्यापेक्षा दुप्पट वेळ द्यावा. दोन मिनिटांत सुटतं. सुटलं नाही, किंवा दुखणं डाव्या हातात, जबड्यात जात असेल, तर ते दुःख समजून बसू नये, तातडीने दवाखाना गाठावा. आई-वडिलांपैकी कुणी हृदयविकाराने गेलं असेल आणि आपण चाळिशीच्या पुढे असू, तर जोराचा सराव पुन्हा सुरू करण्याआधी ईसीजी, टू-डी एको, डॉक्टर म्हणतील तर स्ट्रेस टेस्ट आणि लिपिड प्रोफाइल करूनच घ्यावं.

उलट टोकही बघितलेलं आहे. घरी जावंसं वाटत नाही म्हणून दिवसातून दोनदा पळणं, दुखत असतानाही पळणं, एक दिवस चुकला तर चिडचिड. किलोमीटर छान दिसतात, म्हणून सगळे कौतुक करतात आणि कुणी थांबवत नाही. धावण्याने त्या तासापुरतं हलकं वाटतं. उरलेले २३ तास धावण्यावर ढकलता येत नाहीत. दोन आठवडे सलग कशातच मन लागत नसेल, झोप-भूक गेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी, मोफत नंबर २४ तास चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं.

आता परत बांधणी. एक आठवडा बुडाला असेल तर तक्ता जिथे सोडला तिथून, पहिले तीन दिवस सोपे. दोन आठवडे बुडाले तर आधीच्या किलोमीटरच्या दोन-तृतीयांशापासून. महिनाभर बुडाला तर निम्म्यापासून, आणि पहिले दोन आठवडे जोराचं काही नाही. त्यानंतर आठवड्याला तीन-चार किलोमीटरच वाढ, आणि दर चौथ्या आठवड्याला एक हलका आठवडा. दम पायांच्या आधी परततो. तिसऱ्या आठवड्यात सगळं पूर्ववत झाल्यासारखं वाटतं, आणि टाचा, नडग्या तेव्हाच धरतात.

साताऱ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. यवतेश्वर घाटातून कासच्या रस्त्याने वर जायचं, वळायचं आणि त्याच वाटेने उतरायचं. कमी तयारीचा माणूस चढाला घाबरतो, पण चढ चालूनही जाता येतो. त्याला उतार मोडतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन रोखत असतात, आणि सवय नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणं अशक्य होतं. स्पर्धेआधी तीन ते पाच आठवड्यांच्या दरम्यान एकदा बोपदेव किंवा कात्रजच्या घाटात तीन-चार किलोमीटर हलकं उतरून घेतलं तरी पुढच्या खेपेला हा त्रास बराच कमी होतो. उतारावर पावलं छोटी आणि झपझप टाकावीत. टाच पुढे फेकून ब्रेक लावत उतरू नये.

मुंबईची फुल, म्हणजे ४२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन, धावायची की नाही, हा निर्णय सहा आठवडे आधी, आकड्यांवर घ्यावा. मागच्या आठ आठवड्यांत एक तरी २६-२८ किलोमीटरचं धावणं झालं असेल आणि आठवड्याची सरासरी ३५ च्या आसपास असेल, तर पळणं-चालणं करत फुल सुरक्षितपणे होते. नसेल तर त्या वर्षी सोडावी किंवा आयोजकांच्या नियमात बसत असेल तर कमी अंतर घ्यावं. आपला बिब, म्हणजे छातीवर लावायचा स्पर्धेचा नंबर, दुसऱ्याला देऊ नये. वाटेत काही झालं तर वैद्यकीय पथकाकडे चुकीच्या माणसाचं नाव, वय आणि आजार जातो. बाबांसाठी धावायचंच, ही भावना खरी असते आणि मी तिचा आदर करतो, पण २६ व्या किलोमीटरनंतर न तयार झालेल्या पायांना ती उचलू शकत नाही.

धावायचं ठरलं तर वेळेचं लक्ष्य काढून टाकावं. पाच मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, हे पहिल्या किलोमीटरपासून. दमल्यावर सुरू केलेलं चालणं पाय आवळल्यावर येतं, तेव्हा ते विश्रांती देत नाही. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं : एका एनर्जी जेलच्या पुडीत २०-२५ ग्रॅम, मध्यम केळ्यात साधारण तेवढेच. पाणी तासाला ४०० ते ८०० मिली, घामाप्रमाणे, आणि मुंबईच्या दमटपणात मिठाचं काहीतरी हवंच. शेवटच्या टप्प्यातला पेडर रोडचा चढ चालत चढायचा असं घरूनच ठरवून जावं, म्हणजे तिथे हरल्यासारखं वाटत नाही.

स्पर्धा झाल्यावरचे पंधरा दिवस अनेकांना अनपेक्षितपणे जड जातात. रोजचा सव्वापाचचा आधार एकदम सुटतो आणि मागे ठेवलेलं दुःख तेव्हा वर येतं. म्हणून पहिला आठवडा पळणं बंद असलं तरी उठण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ तीच ठेवावी, अर्धा तास चालावं, गेटवरच्या माणसालाही तीच वेळ द्यावी. दुसऱ्या आठवड्यात २०-२० मिनिटांची दोन सोपी धावणी. सकाळचे ठोके आजारपणाआधीच्या सरासरीवर परत येऊन तिथे दोन आठवडे टिकेपर्यंत पुढच्या कुठल्याही स्पर्धेची नोंदणी करू नये.